कोऱ्या मांडीचं चित्र

८ जून १९९४, बुधवार

आले एकदाची नगरला! काष्टीहून सकाळच्या एसटीनं निघालो, मी, लेक, एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले माझे ब्रश. भिंगारला खोली मिळाली आहे. मोरी आतच आहे, खिडकीतून लष्कराच्या हद्दीची भिंत दिसते, पुढचं काही दिसत नाही. शेजारच्या विमलबाईंनी चहा आणून दिला आणि चहा संपायच्या आत माझी सगळी कुंडली काढून घेतली. हे टेम्पो घेऊन वाशीला कांदा टाकायला गेलेत, त्यामुळे सामान कसं लावायचं हे सांगायला डोक्यावर कुणी नाही. स्वर्गच म्हणायचा.

परवापासून नोकरी. शहरातल्या एका ट्रस्टचं वस्तुसंग्रहालय आहे, तिथं वस्तूंखालची कार्डं लिहायची आणि नोंदवही ठेवायची. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तेव्हा गावात सगळे हसले होते, शेणानं सारवायला कुठली परीक्षा लागते म्हणून. आता हसा म्हणावं.

आणखी एक काम आज उरकलं. लेकीचं नाव बदललं. हिच्याआधी माझे दोन मुलगे गेले, एकही बारशापर्यंत पोचला नाही. ही जन्मली तशी सासूबाईंनी तिला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं उचललं, मला सापडलं, कुणाचं हाय, म्हणून ओरडली आणि आमच्याच दारात आणून दिलं. नाव ठेवलं कडू. कडू जिनसेला मरणसुद्धा तोंड लावत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. लेक जगली, साडेपाच वर्षांची झाली, म्हणून मीही ते नाव चालू दिलं. पण शहरातल्या शाळेत हजेरीला कडू? पोरं टर उडवून तिला रडवतील. मी दाखल्यावर मोनिका लिहिलं. हे नाव मी ती पोटात असल्यापासून जपून ठेवलं होतं. कुणी नाव विचारलं की मोनिका सांगायचं, हे तिच्याकडून वीसदा घोकून घेतलं.

१२ जून, रविवार

आज गर्दी. गावोगावची माणसं येतात, तलवारी, तोफगोळे, निजामशाहीतली नाणी बघतात आणि सोनं कुठं ठेवलंय म्हणून विचारतात. एक आजीबाई जुन्या जात्यापुढं उभ्या राहून म्हणाल्या, आमच्याकडं ह्याच्याहून बरं हाय, आन त्याला कुनी तिकीट लावत न्हाई! मला हसू आवरेना.

संग्रहालयाचे साहेब शांत आहेत. नियम एकच सांगितला: नोंदवहीत चढलं ते संग्रहालयाचं. ते परत जात नाही, खोडत नाही.

शेवटचं दालन चित्रांचं. तिथं एक तैलचित्र आहे, माणसापेक्षा उंच. हिरवं लुगडं, मोठी नथ, कुण्या सरदार घराण्यातली बाई बसलेली. चेहरा, दागिने सगळं पूर्ण, आणि मांडीच्या जागी नुसतं कोरं कापड. शिपाई छगनमामा इथं तीस वर्षं आहेत. त्यांनी सांगितलं की चित्रकारानं आधी बाई काढली, रडणं थांबलं की बाळ काढू म्हणाला. बाळ बारशाआधीच गेलं. मग बाईनं तिथं दुसरं काही काढू दिलं नाही. नोंदवहीतही तसंच आहे, 'माता व', आणि पुढं रिकामं. ती जागा भरायची नाही, असं छगनमामांनी दोनदा बजावलं.

बाईचे हात वाकलेले आहेत. बाळ नेल्यावरही हात काही दिवस तसेच राहतात. मला माहीत आहे. मी तिच्यापुढं बराच वेळ उभी राहिले आणि रडले.

१७ जून, शुक्रवार

शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मोनिका माझ्याजवळ असते. छगनमामा तिला भुईमुगाच्या शेंगा देतात. तिला सगळ्यात ती बाईच आवडते. समोर फतकल मारून तिच्याशी गप्पा मारत बसते.

आज एक कोरं कार्ड उरलं होतं. त्यावर मी चांगल्या बोरूनं, काळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं: मोनिका. तिनं ते छातीशी धरलं. एवढं सुंदर आपलं नाव असतं हे तिला पहिल्यांदाच कळलं असेल. मलाही फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला.

२१ जून, मंगळवार

छगनमामा माझ्यावर चिडले. ते कार्ड त्यांना त्या चित्राच्या चौकटीत खोचलेलं सापडलं. मी मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, बाईनं नाव विचारलं, तूच तर सांगितलंस, विचारलं की सांगायचं. ऐकू येईना म्हणून कार्ड दिलं.

मी हसण्यावारी नेलं. पोरं काहीही बोलतात. पण मामा हसले नाहीत.

संध्याकाळी सवयीनं मी हाक मारली, कडू, जेवायला ये. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिला ती हाक ऐकूच आली नव्हती.

२५ जून, शनिवार

चित्रात मांडीवर डाग पडला आहे. ओल असेल, साहेब म्हणाले. मी जवळून पाहिलं. ओल नाही, रंग आहे, आणि ओला आहे. गव्हाळ.

नोंदवही उघडली. 'माता व'च्या पुढं नाव लिहिलेलं. मोनिका. अक्षर माझं आहे. वळण माझं, शाई माझी. मी लिहिलेलं नाही. देवाशपथ, मी लिहिलेलं नाही.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, तुमचंच अक्षर आहे बाई, जरा विश्रांती घ्या.

२८ जून, मंगळवार

लेकीच्या उजव्या गालावरचा तीळ गेला. गाल पुसला, धुतला, दिव्याजवळ धरून पाहिला. नाही.

संग्रहालयात धावत गेले. चित्रातल्या त्या रंगाला आता गाल आहे. गालावर तीळ.

तिच्या केसांना जवसाच्या तेलाचा वास येतोय. आम्ही रंगात घालतो ते तेल. मी तिला पोटाशी घेऊन बसले आहे. अंग गार. खेळत नाही, जेवत नाही, हट्टही करत नाही. तिनं एकदा तरी हट्ट करावा.

१ जुलै, शुक्रवार

सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, काही नाही म्हणाले. तिच्या कपाळावर बारीक भेगा पडल्यात, जुन्या चित्राला पडतात तशा. डॉक्टर म्हणाले, कातडी कोरडी आहे, खोबरेल लावा.

गावी निरोप धाडला होता, हे अजून टेम्पोवर बाहेरच. सासूबाई आल्या. ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीच्या पायांशी बसून म्हणाल्या, तू तिला चांगलं नाव दिलंस गं. आता मरणाला तिला धरायला मूठ गावली.

सगळं माझ्यामुळं झालं. माझ्याच हातानं.

२ जुलै, शनिवार

सासूबाई म्हणाल्या, पुन्हा उकिरड्यावर ठेवू, पुन्हा उचलू. पण इथं उकिरडा कुठं? छावणीत रोज सकाळी झाडून नेतात. विमलबाईंनी त्यांच्या गोठ्यामागची शेणाची जागा दाखवली. आमी असलं मानत न्हाई, पर लेकरासाठी करते, असं म्हणाल्या आणि पदर खोचला.

ठेवलं. मी भिंतीआड. विमलबाईंनी उचललं, मोठ्यानं म्हणाल्या, मला सापडलं, कुनाचं हाय? ह्याचं नाव काय?

कुणी काही बोलायचं नसतं तेव्हा. नाव नसलेलंच उचलायचं असतं. पण माझी शहाणी लेक— इतके दिवस बोलली नव्हती— स्पष्ट म्हणाली, मोनिका.

मी शिकवलेलं. वीसदा.

सासूबाई तिथंच मातीत बसल्या.

३ जुलै, रविवार

उठत नाही. वजन किती कमी—

छगनमामा येऊन गेले. मांडीवर आता सगळं आहे म्हणाले. हात, पाय, कुंची. फक्त डोळे राहिलेत.

कार्ड फाडलं. उपयोग नाही. चित्र जाळते, असं मी म्हणाले तर मामांनी हात धरला, म्हणाले, अहो, आता त्यात कोण आहे—

४ जुलै, सोमवार

सुट्टी. संग्रहालय बंद. मामांनी किल्ली दिली, विचारलं नाही काही. दुपारचे दोन. लेक फरशीवर, माझ्या शालीवर. विमलबाई बाहेर रिक्षात थांबल्यात. काही झालं तरी लेकीला सासूबाईंकडे न्यायचं, असं त्यांच्याकडून वचन घेतलं.

बाईला नाव हवं. मांडीवर कुणीतरी हवं. मी तर आहे.

नवं कार्ड. माझं नाव लिहिलं, सासरचं, यांनी लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं. चौकटीत खोचलं.

काही नाही. बाई बघतेय. ते माझं खरं नाव नाही, तिला कळतं—

दुसरं कार्ड. माहेरचं. माझ्या आईनं ठेवलेलं. नऊ वर्षांत कुणी त्या नावानं हाक मारली नाही. अक्षर छान आलं. नोंदवहीतही लिहिलं, वरच्या नावावर रेघ मारली. खोडायचं नसतं. खोडलं.

खोचलं.

तीळ आला! तीळ परत आला तिच्या गालावर. भेगा मिटतायत. अंग गरम, गरम लागतंय माझ्या लेकराचं—

माझे हात वाकतायत. सरळ होईनात. तेलाचा वास. पेन धरता येतंय तोवर— थंडी फार. मांडी कुणाची—

उठून बसली. डोळे उघडले. किती छान बघते. माझ्याकडे. मी हाक मारायला गेले, कोणती मारायची, काय नाव— ती म्हणतेय, तुमी कोन?

आजवर तिनं मला कधी तुमी म्हटलं नाही.

रडू नको गं. बाहेर विमलबाई आहेत, जा. मी कोण म्हणून काय विचारतेस, राणी, मी तुझी