ह्वाब्योंग म्हणतात त्याला

नाही बाबा, ॲसिडिटी नव्हती ती. मधे बोलू नका. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आता तरी माझं वाक्य पूर्ण होऊ द्या.

इथे जवळच एक कोरियन काकू कपडे अल्टर करतात. मागच्या महिन्यात आईचे ब्लाउज सैल करायला तिला घेऊन गेले. माप घेताना काकूंनी विचारलं, हात सारखा छातीवर का जातो? आई म्हणाली, "ओल्ड हॅबिट. आधी इथे फायर व्हायचं." काकूंनी टेप खाली ठेवली. "ह्वाब्योंग," म्हणाल्या. मग पावतीच्या मागे दोन चिनी अक्षरं काढून दाखवली. ह्वा म्हणजे आग, त्यांच्याकडे रागालाही ह्वाच म्हणतात. ब्योंग म्हणजे आजार. अक्षरं चीनची, आजार आमचा, म्हणाल्या. वर्षानुवर्षं राग गिळणाऱ्या बायकांना होतो. "माझ्या सासूला होता, मलाही होता," म्हणाल्या. आई जी स्टुलावर बसली ती तासभर उठली नाही.

तुम्ही पोटाचे डॉक्टर, म्हणून आपल्या घरात सगळं पोटातूनच यायचं. बायकोला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणं म्हणजे तुमचा इन्सल्ट. तो रविवार आठवतो? प्लेनोच्या आपल्या घरी, किचनमध्ये ती चाळीस माणसांची बटाट्याची भाजी ढवळतेय. तिला लायब्ररीत जॉब मिळाला होता, आणि सकाळीच तुम्ही तिला न विचारता फोन करून नाही म्हणून टाकलंय. ती हळूच म्हणते, "अहो, आत आग आग होतेय." तुम्ही सगळ्यांसमोर खिशातून गोळी काढता. "घ्या मॅडम. तिखट कमी, कटकट कमी." सगळे काका हसतात. ती गोळी चघळत पुऱ्या लाटायला घेते.

तुम्ही गेल्यावर दोनेक महिन्यांत तिच्या गोळ्या बंद झाल्या. ठाऊक आहे, म्हणाल, "बेटा, याला पुरावा म्हणत नाहीत." नसेल. पण यार बाबा, तुम्ही तिला एकदा विचारायचं होतं, कशाने होतंय म्हणून. तुमच्या पुस्तकांच्या कपाटात एवढा एक प्रश्न नव्हता?

हे लिहिलेलं आईला दाखवणार नाही. त्या रविवारी सगळ्यात जोरात मी हसले होते, तुमच्या शेजारी उभी राहून, तुम्ही माझ्यावर खूश व्हावं म्हणून. आणि तिनं तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं होतं.

आता थांबते. काही बोलू नका.