रिकाम्या अंथरुणातली ऊब

लांगहोल्मेन बेट, २८ मे १९६१

चि. आयविंद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आई गेल्यावरचा हा पहिला वसंत. बदकं यंदाही समुद्रावरून डुलत आली, थेट अंगणातल्या आपापल्या खोपटांत शिरली. छातीची मऊ पिसं उपटून त्यांनी घरटी भरलीत. पिल्लं पाण्यात उतरली की ती पिसं गोळा करीन.

एक लिहू की नको, असं झालंय. आईच्या पलंगावर तिची पिसांची दुलई अजून पसरलेलीच आहे. सत्तर घरट्यांची पिसं आहेत तिच्यात, तरी अंगावर घेतली तर काही घेतलंय असं वाटत नाही. परवा बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या घरट्यांकडून परतले, सहज तिच्याखाली हात घातला, तर अंथरूण उबदार! काल पुन्हा तेच. घरात मी एकटी. तुला ठाऊक आहे, ही पिसं स्वतः ऊब देत नाहीत. कुणी दिलेली तेवढी धरून ठेवतात. मग ही कुणाची?

उत्तराकडे डोळे लावून,
तुझी ताई, बोर्घिल्ड

बोडो, ४ जून

ती. ताईस सा. न.

आधी हसलो. म्हटलं, मांजर असेल. मग आठवलं, अंड्यांच्या दिवसांत बेटावर कुणी मांजर ठेवत नाही. ऊन म्हणावं, तर आईची खोली उत्तरेची. हंगाम संपला की घर बंद कर आणि आमच्याकडे ये.

खरं सांगू? ती आई असेल, तर मला शोधत असेल. तिच्या मातीला मी आलो नाही. बोट चुकली असं सगळ्यांना सांगितलं. बोट धक्क्यालाच होती, ताई. मला चढवेना.

रागावलीस तरी तुझाच,
आयविंद

लांगहोल्मेन, १२ जून

चि. आयविंद यास आशीर्वाद.

बोटीचं मला तेव्हाच कळलं होतं. राग नाही रे.

काल वारा फिरला म्हणून घरट्यांच्या फेरीतून मी अर्ध्यातूनच परतले. आईच्या खोलीचं दार लोटलं, तर दुलईखाली माणूस! पलीकडच्या बेटावरचे तोरलाइफकाका होते. बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले. मी बाहेर पडले की वल्हवत येत असणार. बाबा बुडाल्यापासून तीस वर्षं ते आपलं छप्पर शाकारायला यायचे आणि कॉफीलाही थांबायचे नाहीत. निदान आपल्याला तसं वाटायचं.

उठवायला धीर होईना. उशाशी बसून राहिले. बदकं बुजू नयेत म्हणून मी आईचाच कोट घालते, तो अंगावर होता. काकांनी डोळे किलकिले केले आणि आईच्या नावानं हाक मारून विचारलं, की ओलिने, वारा फिरला का गं?

मी म्हटलं, की हो, फिरलाय, पण तू नीज अजून. काकांना मी कधी तू म्हटलंय का? आणि तो आईचा आवाज मी काढला नव्हता, आयविंद. तो आपणच आला.

ते समाधानानं पुन्हा झोपले. तेव्हापासून मी कुणाशी बोललेले नाही. आवाज कुणाचा निघेल, याची भीती वाटते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताईच,
बोर्घिल्ड