या वर्षी खरवस आला नाही

१२ जानेवारी, रविवार

सायखेड्याला जाऊन आले. आबांच्या तापाचा एकविसावा दिवस. गावच्या डॉक्टरांनी टायफॉइड ठरवून टाकलाय, तीन सलाईन झाली. रिपोर्ट पाहिला. विडाल टेस्ट, आणि तीही इतकी फिकी की गावात कोणाचंही रक्त काढलं तर एवढं निघेल. दुपारी माणूस ठणठणीत, गोठ्यात उभा. सं. सहा वाजले की हुडहुडी, दोन गोधड्या. पहाटे एवढ्या थंडीत बनियन पिळावं इतका घाम. विहारात तीन रविवार वंदनेला गेले नाहीत, म्हणजे खरंच बरं नाही.

"नाशिकला चला."

"अन् चांदीला कोण पाह्यल? ती दुसऱ्याला हात नाय लावू देत."

चांदी म्हणजे म्हैस. कागदोपत्री आबांना मी एकटीच मुलगी, पण लाड तिचे जास्त.

निघताना माझ्या पर्समधल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, चार दिवसांच्या. आईची कंबर धरलीय म्हणाली, तिला बामची बाटली दिली.

१४ जाने., मंगळ.

लॅबमध्ये तिळगूळ. काउंटरवर एका बाईला समजावत होते की कल्चरचं रक्त देण्याआधी गोळ्या चालू करायच्या नसतात, जंतू दबून जातात, मग बाटलीत उगवत नाहीत. अठरा वर्षं हेच सांगतेय. आबांनी तोवर सहा गोळ्या घेतल्या असतील.

फोन करून बंद करायला सांगितल्या. "पोरी, तूच दिल्या, तूच बंद करतीस," म्हणाले. हसत होते.

१६ जाने., गुरु.

यांनी पहाटे गाडी नेऊन आबांना आणलं. आईपण आली. चांदी शेजारच्या तुकारामभाऊंकडे.

रक्त मीच काढलं. आबांच्या दंडाला पट्टा बांधताना लक्षात आलं, हात किती सैल झालाय. लहानपणी याच दंडाला लोंबकळायचे. दोन बाटल्या भरल्या, मशीनमध्ये ठेवल्या. काही उगवलं की मशीन शिट्टी देतं.

मॅडमनी (आमच्या मायक्रोबायॉलॉजिस्ट) नेहमीचा प्रश्न विचारला, आधी काही अँटिबायोटिक? म्हटलं, हो, मीच दिलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेंग्यू नाही. मलेरिया नाही. छातीचा फोटो स्वच्छ.

१८ जाने., शनि.

आबांना थर्मामीटर दिलाय आणि चिन्मयची उरलेली शाळेची वही. चिन्मय म्हणजे माझा मुलगा, त्याच्या चौथीच्या परिसर अभ्यासाच्या वहीत आबा ताप लिहितात. स. ९८. सं. १०१.४. शेरा: "घाम. भूक नाही. चांदीचा फोन नाही."

तुकारामभाऊंना म्हशीचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. आबांनी तो सात वेळा पाहिला. "वाळलीय," म्हणाले. मला तरी तेवढीच जाड दिसली.

२१ जाने., मंगळ.

पाच दिवस झाले. मशीन गप्प. वाढ नाही.

असे रिपोर्ट मी रोज छापते. छापलं की संपलं. आज कळलं, घरी तो कागद हातात घेऊन बसणाऱ्याला त्याचा अर्थ काहीच लागत नाही. आहे म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर सहा वाजता येतंच.

फिजिशियन म्हणाले, आणखी तीन दिवस बघू, नाहीतर टीबी धरून औषध चालू करू. म्हटलं, टीबी दिसतोय का कुठे? "दिसत नाही, पण काहीतरी धरायला लागेल ना." चांगले डॉक्टर आहेत. त्यांचाही चेहरा आपल्यासारखाच झाला होता.

बाटल्या पाच दिवसांनी टाकायचा नियम. मॅडमना विचारलं, राहू देऊ का? "राहू दे," म्हणाल्या.

२३ जाने., गुरु.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी आबा चहा पिताना पिशवीच्या दुधाला नावं ठेवत होते. मी चिडवलं, एवढं आहे तर या वर्षी खरवस का नाही पाठवला? चांदी संक्रांतीला विणार होती ना? दरवर्षी डबा येतो, या वेळी तापाच्या गडबडीत मी विसरूनच गेले होते.

आबांनी कप खाली ठेवला. मग आई म्हणाली, "गाभडली ना ती. दिवाळी झाल्यावर. आठव्यात व्हती. पारडू मेलेलंच पडलं, अन् वार अडकली. तुझ्या आबांनीच हात घालून काढली."

"उघड्या हाताने?"

"मग काय मोजे घालून? जीव जात व्हता तिचा," आबा म्हणाले.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तापाचं इचारलं. म्हशीचं कुठं इचारलं?"

खरंच नाही विचारलं. प्रवास, पाणी, बाहेरचं खाणं, घरात कोणाला खोकला, सगळं विचारलं. म्हशी-गायींच्या घरात जन्मले, आणि म्हशीचं विचारलं नाही. आणि आबा रोज धार काढताना पेलाभर कच्चं दूध तिथेच पितात हे तर मला पाठच होतं. मला ते इतकं नेहमीचं की प्रश्नात येतच नाही.

तशीच लॅबला गेले. मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या. "ब्रुसेला," म्हणाल्या. गुरांचा जंतू. गाभ पाडतो, माणसाला ताप देतो. हळू उगवतो. लॅबमधल्यांनाही होतो, म्हणून आबांच्या बाटल्यांवर लाल खूण केली, त्या आता मास्क-मोजे घालून आतल्या कॅबिनेटमध्येच उघडायच्या. रक्ताची वेगळी तपासणी पाठवली.

आबा रडत नव्हते, पण मेलेल्या पारडाबद्दल आज पहिल्यांदा बोलले. "रेडी व्हती," म्हणाले. एवढं जिवाला लागलं होतं, म्हणून सांगितलं नव्हतं बहुतेक.

२५ जाने., शनि.

तपासणी पॉझिटिव्ह. भरपूर पॉझिटिव्ह.

एवढं वाईट नाव वाचून मला आनंदाने रडू आलं. टीबीचं औषध टळलं.

२७ जाने., सोम.

अकराव्या दिवशी दुपारी मशीनने शिट्टी दिली. आबांची बाटली. मॅडमनी काचेवर दाखवलं, वाळूचे बारीक कण सांडावेत तसे. "तुझ्या गोळ्यांना पुरून उरले," म्हणाल्या. एवढंच बोलल्या, पण बोलल्या. हलकं वाटलं.

औषध सुरू. दोन प्रकारच्या गोळ्या, सहा आठवडे, एक दिवस चुकवायचा नाही. पाकिटांवर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं: सकाळी, रात्री, जेवणानंतर. एका गोळीने लघवी केशरी होते, घाबरू नका, हेही सांगितलं. आबांनी वहीत लिहिलं, "केशरी. घाबरलो नाही."

६ फेब्रुवारी, गुरु.

चार दिवस सं. ९८.६ च्या वर नाही. आबा काल दोन भाकरी जेवले. आज दोघांना गावी सोडलं. चांदीने आबांना बघून मान वळवली, रुसली म्हणे. मी सांगून आले: कच्चं दूध बंद, गोठ्यात मोजे. लॅबच्या हातमोज्यांचं एक खोकं विकत घेऊन दिलं.

आई जिना चढताना दोनदा थांबली होती परवा. थकलीय. आबांचं एवढं केलं तिने.

१९ फेब्रु., बुध.

आबांचा सं. फोन. "वैशू, शंभर हे."

शंभर म्हणजे फार नाही. असं स्वतःला म्हणत भाजी करपवली.

२१ फेब्रु., शुक्र.

१०१.२. परत हुडहुडी. गोळ्या एकही चुकलेली नाही, पाकिटं व्हिडिओवर मोजून घेतली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नसेल, किंवा मणक्यात कुठे दबा धरून बसला असेल. एमआरआय करू. आबा वाकून धार काढतात, वाकून निंदतात. न वाकणारे आबा मला माहीतच नाहीत.

२३ फेब्रु., रवि.

चिन्मयला घेऊन सायखेड्याला गेले. जेवणं झाली. आबांनी गोळ्या तळहातावर घेतल्या आणि आईने समोर पेला ठेवला. काठोकाठ दूध. वर साय.

"हे काय?"

"गोळ्या लय गरम पडतात बाई," आई म्हणाली. "दुधाबिगर कशा झेपतील? उकळून देते, तू सांगितलं तसं. तीन उकळ्या."

या गोळ्या दुधाबरोबर घ्यायच्या नसतात. दुधात औषध अडकतं, अंगाला लागत नाही. हे मला माहीत आहे. आणि मी पाकिटावर तीन ओळी लिहिल्या, चौथी लिहिली नाही. का लिहावी, मला वाटलं ते सगळ्यांना... पण मला लहानपणी प्रत्येक गोळी आईने दुधाबरोबरच दिलीय. याच पेल्यात.

मी जरा जोरात बोलले. आईचा चेहरा उतरला. "मीच घालवलं का गं औषध?" म्हणाली. तिला जवळ घेतलं. म्हटलं, मी लिहिलं नाही, चूक माझी. आबा म्हणाले, "दूध मी पिलो, तर चूक माझी. आता पाणी द्या." आणि ते दूध चिन्मयने पिऊन टाकलं.

आईला जवळ घेतलं तेव्हा पाठीवर ब्लाउज ओला लागला. चुलीपाशी बसली होती.

२५ फेब्रु., मंगळ.

एमआरआय. मणका स्वच्छ. गाडीत आबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग, बैलासारखा हे." डॉक्टर म्हणतात, दुधाने झालं असेल, खात्रीने सांगता येत नाही. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. पाण्याबरोबर.

२ मार्च, रवि.

ताप उतरतोय. ९९.४.

चांदीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तिलाही आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, यावर म्हशीला औषध नाही, ती वेगळी बांधा, दूध वापरू नका, पुन्हा गाभण राहू देऊ नका. तुकारामभाऊंनी हळूच सुचवलं, बाजारात घालून टाका, कोण विचारतं.

आबा उठून चांदीला चारा टाकून आले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी ताप धाडू का?"

चांदी आता बांधाकडच्या छपरात एकटी. आबा निळे मोजे घालून चारा नेतात. तिला ते निळे हात ओळखू येत नाहीत, हुंगते आणि मागे सरते. आबा लांबून बोलत राहतात तिच्याशी. आवाज ओळखते.

९ मार्च, रवि.

आबांची वही पाहायला घेतली. सहा दिवस ९८.६. खूश होऊन पान उलटलं तर मागच्या बाजूला आणखी एक रकाना. वर लिहिलंय, "ही."

ही: सं. १००.२. ही: १००.६. ही: १०१. घाम. कंबर. पाच दिवसांचं.

"आबा, हे काय?"

"तुझी आई. थर्मामीटर माझ्यापुरताच देला व्हता तू. मी म्हटलं, हिचाबी पाहू."

आईला विचारलं, कधीपासून? म्हणाली, मला काय होतंय. परत विचारलं. म्हणाली, दिवाळीनंतर गोठा मीच धुतला ना, तेव्हापासून कंबर धरलीय. नाताळापासून संध्याकाळी अंग मोडतं. "यांच्या तापात माझं कुठं काढू?"

म्हशीचं विचारायला मला अकरा दिवस लागले. आईचं विचारायला दोन महिने. बाम दिला. जिन्यात थांबलेली पाहिली. ओली पाठ हाताला लागली. लॅबमध्ये दुसऱ्या कोणाची आई असती तर मी पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्या म्हटलं असतं.

आज तिला घेऊनच आले. आबाही आले, मागच्या सीटवर, वही मांडीवर.

१० मार्च, सोम.

सकाळी लॅबमध्ये आईचं रक्त काढलं. कसल्याच गोळ्या देऊ दिल्या नाहीत कोणाला, मलाही. शीर सापडेना. तिने कधी कोणाला रक्त दिलंच नव्हतं, मला जन्म दिला तेव्हाही घरीच. "दुखंल का गं?" म्हणाली. आयुष्यात तिने मला हे पहिल्यांदा विचारलं. थोडं दुखेल म्हटलं. तिने डोळे मिटले आणि आबांचा हात धरला. आबांना अवघडल्यासारखं झालं, पण सोडला नाही.

दोन बाटल्या. लाल खूण मीच केली. मॅडम म्हणाल्या, वेगळी तपासणी उद्या संध्याकाळपर्यंत, बाटल्या तीन आठवडे ठेवू.

घरी आल्यावर आईने आबांच्या दुपारच्या जेवणाचं ताट केलं. मी तिच्या हातातून घेतलं आणि तिला बसवलं. ती बसली खरी, पण सारखी उठायला बघत होती. सहा वाजता आबांनी थर्मामीटर झटकून तिच्या काखेत दिला, घड्याळ पाहत बसले. मग वहीत लिहिलं. मला दाखवली नाही. म्हणाले, "उद्याचा रिपोर्ट येऊ दे आधी."