मिक्सरच्या आवाजातली माय

माय, आजकाल तू फक्त गोंगाटातच भेटतेस. घर शांत असताना तुझा आवाज आठवू म्हटलं तर आठवत नाही. मिक्सर लावला, कुकरची शिट्टी झाली, खालून दोन ऑटो गेले, की त्या सगळ्यातून तू स्पष्ट म्हणतेस, "पोरी, इकडे पाह्य." मी घाईने मिक्सर बंद करते, तर ओट्याजवळ कोणीच नसतं.

अकोल्याच्या कापसाच्या जिनात तुझा डबा घेऊन यायचे, ते आठवतं. सरकी काढणारे रेचे धडधडताहेत, हवेत रुई उडतेय, तुम्ही सगळ्या बाया पदराने नाक-तोंड बांधून. मी दारातूनच ओरडते. तू येतेस, पदर खाली ओढतेस आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतेस. "कावून बोंबलून राहिली वं? बोंबललं का गोंगाटच वाढते. माह्या तोंडाकडे पाह्य अन् हळू बोल." जिनातल्या बाया अशाच बोलायच्या. तू घरीही तसंच करायचीस, पाहुण्यांसमोरसुद्धा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माझ्या लेकीची हनुवटी मी कधीच धरली नाही.

आता कानाचे डॉक्टर म्हणतात, शांत खोलीत तुम्हाला सगळं ऐकू येतं, गोंगाटात मात्र शब्द निसटतात. मध्यंतरी अमरावतीच्या भर चौकात ऑटोखाली येता येता वाचले, तेव्हा लेकीने हट्टाने कानाचं मशीन घेऊन दिलं. चांगलं आहे. गर्दीतही समोरच्याचं बोलणं कळतं. फक्त ते घातलं की तू येत नाहीस.

परवा लेकीला गाडीत बसवायला बडनेरा स्टेशनवर गेले होते. ती पुण्याला नोकरी करते, आणि मी इथे एकटी म्हणून तिच्या जिवाला घोर. गाडी आत येत होती, मशीन माझ्या पर्समध्येच होतं, ती काहीतरी विचारत होती, मला कळेना. तिने बॅग खाली ठेवली आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तिने तुला पाहिलेलंही नाही, माय. ओठ तिचे हलत होते, आवाज तुझा येत होता. मी हो म्हणून मान हलवली, तशी ती हसून गाडीत चढली.

रात्री फोनवर म्हणाली, "मम्मी, मशीन रोज घालशील ना विचारलं तर स्टेशनवर तू हो म्हणालीस, आता मला झोप लागेल." मी पुन्हा हो म्हटलं.

तुला लिहिलेला हा कागद कोणत्या पत्त्यावर टाकू? मशीन डबीत ठेवलंय, आणि मिक्सर मघापासून रिकामाच फिरतोय.