धम्मदीपच्या नावाने आलेला मेल

आई,

बस चुकेल म्हणून तुझी वाट न बघता निघाले. वायफाय बंद केलंय, बाबा कितीही म्हणाले तरी चालू करू नकोस. दादाच्या नावाने त्यांना मेल आलाय : 'बाबा, तब्येत कशी आहे? फोटो पाठवलेत, लिंक उघडून बघा.'

मेल खोटा आहे. दादाला फोन केला, तर 'अकाउंट हॅक झालंय, काही उघडू नका,' एवढं बोलून त्याने ठेवला. पुण्यातल्या पुण्यात, खराडीहून येरवड्याला यायला त्याला बहुतेक व्हिसा लागतो.

बाबांनी लिंक उघडली नाही, पण उत्तर लिहीत बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनचं सगळं.

म्हटलं, "बाबा, अहो, हा चोर आहे."

"कळतंय मला," म्हणाले. "पण विचारलं तरी ना त्याने."

पूर्णिमा