फळ्यांच्या भिंतीतली बाई

३ तारीख, सोमवार
आले बाई एकदाची मुलाच्या घरी! चौथी शिकलेली म्हातारी रोजनिशी लिहिणार म्हटल्यावर तो हसला. म्हटलं, हस, तुझ्याच लबाड्या लिहिणार आहे.

मला वेगळी खोली हवी म्हणून नातीच्या लांबलचक खोलीत फळ्यांची भिंत घातली. दारं दोन होतीच. घर भाड्याचं, मालक खिळा मारू देत नाही. म्हणून सुतारानं छत आणि फरशीच्या मधे लाकडी चौकट पाचरी ठोकून घट्ट बसवली आणि दोन्ही अंगांनी फळ्या लावल्या. मधे चार बोटं पोकळ. ढकलली तर पडेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आजी, तुम्ही पडाल, भिंत नाही पडायची. माणूस माझ्या तोडीचा आहे.

नातीला मी खारूटी म्हणते, सारखी पेन्सिल कुरतडते म्हणून. आम्ही विती टाकून वाटणी केली. खिडकीपासून भिंतीपर्यंत माझ्या तेरा, पलीकडे तिच्याही तेरा. भांडणाला जागा नाही.

६ तारीख, गुरुवार
दुपारी घरात आम्ही दोघीच. मुलगा आणि सूनबाई कामावरून सातला येतात. खारूटीला भिंतीवर टकटक करायचा नाद लागलाय. आज मी घोगरा आवाज काढून म्हटलं, कोण गं ते? मी भिंतीतली बाई! अशी किंचाळली, की विचारू नका. मग खिदळत बसली. आता बाईकडे तक्रारी येतात. गणिताच्या मॅडम ओरडल्या, आजी घोरते. घोरण्याची तक्रार बाईंनी फेटाळून लावली.

सूनबाई म्हणाली, आई, पोरीला घाबरवू नका हं. म्हटलं, अगं, तीच मला घाबरवते.

१० तारीख, सोमवार
मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा भिंतीतली बाई खारूटीशी बोलली म्हणे. मी म्हटलं, थापाडे, माझ्यावर गेलीस. काय म्हणाली बाई?

म्हणाली, आजोबा गेले तेव्हा तुझ्या आजीला आधी हसू आलं होतं.

आलं होतं. पदर तोंडात कोंबून रडल्यासारखं केलं होतं मी. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

१२ तारीख, बुधवार
खोली आखडल्यासारखी वाटली म्हणून विती टाकल्या. अकरा. म्हातारपणी हात वाढतो की काय? पलीकडे जाऊन मोजलं. तिथंही अकरा. बाहेरून दारं जिथल्या तिथं. मग मधल्या चार विती गेल्या कुठं?

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, आई, आता भिंतीचीही चेष्टा का? जन्मभर मीच थापा मारल्या, आता माझं खरं कोण मानणार.

खारूटीला बजावलं, बाईशी बोलायचं नाही. ती म्हणाली, तूच तर ओळख करून दिलीस.

१३ तारीख, गुरुवार
नऊ. इकडे नऊ, तिकडे नऊ.

दुपारी तीनला भिंतीला कान लावला. आत कुणी घोरत होतं. माझ्यासारखं. आणि मी तर टक्क जागी.

सुताराला फोन केला. उद्या पाचला येऊन काढतो म्हणाला. खारूटी रडायला लागली. बाई कुठं राहील म्हणे.

१४ तारीख, शुक्रवार. दोन वाजता
शाळेतून आली, दप्तर टाकलं, तिच्या खोलीत गेली. मी चार पावलं मागे. खोलीत नाही. खिडकीला कडी. दारात मी उभी.

भिंतीतून हसली. खारूटीच.

हाक मारली. म्हणाली, आजी इथंच आहे की माझ्याजवळ. मग आतून माझा आवाज आला — त्या बाहेरच्या बाईला ओ देऊ नकोस.

माझाच आवाज. मीच शिकवला —

उलथन्यानं फळी उचकटली. बोटं सोलली. आत चार बोटं पोकळ, पलीकडची फळी. पोर नाही. आवाज तिथूनच.

तीन वाजता
मुलगा फोन उचलत नाही. सुतार पाचला येणार.

रोजनिशीचं पान फाडून फटीत सरकवलं. लिहिलं, खारे, मी खरी, ये बाहेर. माझं वाकडं अक्षर ती ओळखते.

चिठ्ठी परत आली. मागे लिहिलेलं, माझ्याच वाकड्या अक्षरात — एकीला जागा आहे. तू आत ये. आम्ही दोघी बाहेर जातो.

साडेतीन
खारूटी हसत नाही आता. आजी, श्वास घेता येत नाही म्हणते. हळू म्हणते. किती हळू —

पाचपर्यंत नाही टिकायची.

पोकळीत हात जातोय. खांदाही. मघाशी जात नव्हता.

मुला, पोरीला आधी घराबाहेर ने. दुसरं काही बघू नकोस. संध्याकाळी घरात तुला आजी दिसेल. हसेल, तुझी चेष्टा करेल, पोरीला कुशीत घेईल. मुला, ती मी —