टर्बो तेल खातोय

३ मार्च, सोमवार

गाडी आज तीन लाख बारा हजार किलोमीटरवर गेली आणि हिला त्याचं काहीच नाही! घाट उतरून आली, दारात थांबली, की चावी फिरवून मोकळी. शंभरदा सांगितलं — टर्बोची गाडी आहे, चढ-उतार करून आली की दोन मिनिटं नुसती चालू ठेव, इंजिनात हवा कोंबणारा तो टर्बोचा पंखा लालबुंद तापलेला असतो, त्यातून तेल फिरू दे. तर म्हणते, "ठेवली असती हो, पण तेवढा वेळ तुम्ही काचेवर टकटक करत उभे राहता."

माझा डावा गुडघा क्लच दाबेना, तेव्हापासून चालवते हीच. मीच शिकवली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. नर्सची नोकरी संपली तरी आठवड्यातून तीनदा वरच्या वस्त्यांवर जाते. अंथरुणाला खिळलेली अकरा माणसं आहेत. जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या. तिथे दुसरं कोणी जात नाही. बावीस वळणं आहेत घाटात. एका वळणावर टर्बो गेला तर? मी इथे खुर्चीत बसून घड्याळ बघायचं.

४ मार्च, मंगळवार

भांडून गाडी रस्त्यावरून आत आवारात घेतली. तोंड घराच्या पायरीकडे. आता पायरीवर उभं राहून बॉनेट उघडता येतं. रस्त्यावर कोण काय करून जाईल सांगता येत नाही. शेजाऱ्याचा ट्रक मागे घेताना दोनदा आरसा गेलाय.

५ मार्च, बुधवार

सकाळी तेल मोजायची डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, बघितली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! बदलून अजून हजार किलोमीटर झाले नाहीत. म्हणजे टर्बो तेल खातोय. मला महिनाभर वास येतच होता. लिटरभर मावणाऱ्या मापाच्या पेल्याने अर्धा पेला ओतलं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "मिस्त्रीने मागच्याच आठवड्यात सगळं बघितलंय. तुम्ही बॉनेटला हात लावायचा नाही. तुम्ही हात लावला की मला घाटात नाही नाही ते आवाज ऐकू येतात."

गेली. साडेपाचला आली. तोवर मी दोनदा जेवलो की एकदा, आठवत नाही.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा कमी. पुन्हा अर्धा पेला. ही आंघोळीला गेली होती.

८ मार्च, शनिवार

गॅरेजला घेऊन गेलो, म्हणजे ही घेऊन गेली, मी शेजारी. हा मिस्त्री माझ्याच ट्रकवर क्लीनर होता. याला पाना धरायला मी शिकवलं. आता चार माणसं हाताखाली आहेत, हातात मोबाईल आहे.

टर्बोचा रबरी पाईप काढला, आत बोट घालून पंखा हलवून बघितला. म्हणाला, "उस्ताद, टर्बो ठणठणीत आहे. आणखी पन्नास हजार काढेल. एअर फिल्टर आत्ताच बदलून देतो, तेलाची नळी पुढच्या सर्व्हिसला साफ करू. तेल मात्र थोडं जास्तच वाटतंय."

जास्त! मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने बघतो, कमी असतं! त्याला म्हटलं, तू ते नीट न बघताच बोलतोस. चार गिऱ्हाइकं उभी होती. म्हटलं, टर्बो उघड. नाही म्हणाला. म्हटलं, तुला उघडता येत नाही असं सांग ना सरळ. तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

घरी आल्यावर हिने गाडी दारात दोन मिनिटं चालू ठेवली. माझ्याकडे न बघता.

९ मार्च, रविवार

मुलाचा फोन. "बाबा, किती दिवस ओढणार? विकून टाका आता." म्हटलं, मग तुझ्या आईला वर कोण नेणार, तू? फोन ठेवला त्याने. नाही, मीच ठेवला.

तेल कमी. पाऊण पेला. अजून वरच्या खुणेला टेकत नाही. मी ओततो ते जातं कुठे?

११ मार्च, मंगळवार

कमीच. एक पेला. उद्या ही वर जाणार.

१२ मार्च, बुधवार

दुपारी दोनला दुधाच्या टेम्पोने गाडी ओढत आणली. ही टेम्पोत पुढे बसलेली.

तेराव्या वळणावर मागून निळा धूर यायला लागला. मग इंजिनचा वेग आपोआप वर चढला. हिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी चढतोच. चावी बंद केली तरी बंद होईना. स्वतःचंच तेल जाळत किंचाळत होतं. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. हिने ब्रेकवर उभं राहून पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला. आचका देऊन बंद पडलं.

हे सगळं मला पाणी पिता पिता सांगितलं. "तुम्हीच शिकवलं होतंत ना, असं झालं तर काय करायचं ते." हिचा हात स्थिर होता. मी पेला पुन्हा भरून दिला.

गाडी संध्याकाळीच ओढून गॅरेजला पाठवली. आता त्या मिस्त्रीला सोडत नाही.

१३ मार्च, गुरुवार

नाही सोडला. टर्बो ठणठणीत म्हणाला होतास, म्हटलं. माझी बायको दरीत गेली असती. तू चोर आहेस, आळशी आहेस, ट्रकवरही तसाच होतास. सगळं गॅरेज काम सोडून उभं राहिलं. एक गिऱ्हाईक तर गाडी न देताच परत गेलं. बरं झालं.

तो म्हणाला, "उस्ताद, इंजिनमधून दोन लिटर तेल जादा निघालं. तेच हवेच्या पाईपातून आत जाऊन जळत होतं." मी म्हटलं, तूच ओतलं असशील, आता टर्बो लपवायला गोष्ट रचतोस. तो हिच्याकडे बघत राहिला. ही खाली बघत होती. मग तो फडकं घेऊन पुसत बसला हात.

१४ मार्च, शुक्रवार

गाडी तिकडेच. ही खडीच्या ट्रकमध्ये बसून वर गेली. अकरापैकी पाचच झाले. म्हणाली, खालच्या वस्तीवरच्या म्हातारीची जखम चिघळली आहे, दोन दिवस उशीर झाला. मी म्हटलं, मिस्त्रीमुळे. ती म्हणाली, "जेवून घ्या."

१७ मार्च, सोमवार

गाडी आली. सगळे पाईप धुतलेत, तेल नवं. आवारात तिच्या जागी उभी केली. ही आत गेली आणि मी लगेच डिपस्टिक काढली. कमी! म्हटलं, बघा, पुन्हा तेच, आजच भरलेलं.

फरशीवर तेलाचा जुना डाग होता. बादलीभर पाणी ओतून खराट्याने घासत होतो. पाणी गाडीखालून सरळ फाटकाकडे धावत गेलं. थांबलंच नाही. दुसरी बादली ओतली. तीही तशीच.

आवाराला उतार आहे. गाडी नाक वर करून उभी आहे. इंजिनातलं तेल सगळं मागे जातं, पुढची डिपस्टिक कोरडी राहते. गाडी सपाट जागेवर उभी करून तेल बघायचं — हे मी तीस वर्षं प्रत्येक क्लीनरला सांगत आलो. मिस्त्रीलाही. न ऐकणाऱ्याच्या कानाखाली वाजवली आहे.

रोज अर्धा पेला, पाऊण पेला. दोन लिटर मीच ओतलं. तेराव्या वळणावर तिला मीच नेलं.

खराटा हातात धरून तसाच उभा राहिलो. ही आतून म्हणाली, "किती पाणी ओतताय?"

१८ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं.

१९ मार्च, बुधवार

ही वर गेली. दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या, मग मुलाला, मग आवाराची फरशी घालणाऱ्या गवंड्याला. तो मेला त्याला सात वर्षं झाली. संध्याकाळी ती आली तेव्हा तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर वर थंडी होती का.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं. भाजी निवडत होती तिथे जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं.

म्हणाली, "मला तेव्हाच कळलं. तुमच्या आरड्याओरड्याच्या आधीच मिस्त्रीने हळूच विचारलं होतं, गाडी घरी उतारावर लावता का म्हणून. मीच त्याला म्हटलं, तू बोलू नकोस, ते स्वतः सांगतील. घरातला तेलाचा डबा तेवढा लपवला."

म्हणजे मी त्याला चोर म्हणत होतो तेव्हा त्याला माहीत होतं. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं त्याने.

विचारलं, आणि मी सांगितलंच नसतं तर?

"तर नसतं सांगितलं."

उद्या हिच्या आधी उठून गॅरेजला जायचं. पण सकाळी सात वाजता नाही, तेव्हा तिथे कोणी नसतं. अकराला जायचं. गिऱ्हाइकं असतात तेव्हा.